पिन नाही तिथे पक्षी नाही?

सोमवारी सकाळी अकरा वाजता ऑफिसात कुणाच्या स्क्रीनवर नक्की काय चालू असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. वरती एक्सेल शीट, आणि आल्ट-टॅब मारला की खालून कुणाचे शेअर्स निघतात, कुणाचा क्रिकेटचा स्कोअर, कुणाची गोव्याची तिकिटं. खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या एक्सेलखालून मात्र नकाशा निघतो. महाराष्ट्राच्या अंगावर जांभळे चौकोन, पुण्याच्या भोवती लाल-निळ्या पिनांची गर्दी. मागून बॉस गेला तर त्याला वाटावं, पोरगी पिझ्झा डिलिव्हरीचं काहीतरी टेस्ट करतेय. "पिझ्झा कसला, चक्रवाक आलेत कवडीला," ती हळूच सांगते. "परवाच कुणीतरी बघितलेत. लाल पिन आहे बघ."

तर मंडळी, हा नकाशा ई-बर्डचा. अमेरिकेतली कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी-प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये हा उद्योग सुरू केला आणि २०१० मध्ये तो सगळ्या जगासाठी खुला झाला. आपण कुठे गेलो, किती वाजता, किती वेळ थांबलो, कोणते पक्षी दिसले आणि किती, हे कुणीही तिथे लिहायचं. या कुणीहीमध्ये तुमच्या-माझ्यासारखे हौशी आले आणि आयुष्यभर पक्ष्यांवर काम केलेले तज्ज्ञही आले. भारतातली जमवाजमव 'बर्ड काउण्ट इंडिया' हा संस्था आणि ग्रुप्सचा समूह करतो. पैसे पडत नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन पक्ष्यांची नावं मराठीत करून घेता येतात, त्यामुळे इंग्रजी नावांचं टेन्शनही नाही.

वापरायचा फण्डा सोपा आहे. पक्ष्याचं नाव टाइप करा, नकाशा समोर येतो. लांबून बघाल तर चौकोन दिसतात. चौकोन जितका गडद जांभळा, तितकं तिथल्या याद्यांमध्ये त्या पक्ष्याचं प्रमाण जास्त. राखाडी चौकोन म्हणजे तिथे लोक गेले, याद्या आल्या, पण हा पक्षी एकाही यादीत नाही. आणि ज्या भागावर चौकोनच नाही, तिथून कसलीच यादी आलेली नाही. हा तिसरा प्रकार जाम इण्टरेस्टिंग आहे आणि नेमकं त्याच्याकडेच कुणाचं लक्ष जात नाही. त्यावर येतेच. जवळ जाल तसे चौकोन विरघळतात आणि पिना उरतात. लाल पिन म्हणजे गेल्या तीस दिवसांतली नोंद, निळी म्हणजे त्याआधीची. पिनेवर क्लिक केलं की तारीख, संख्या, आणि असला तर फोटोसुद्धा.

आता जरा गंमत करा. 'चातक' शोधा. आफ्रिकेतून पावसाच्या पुढे-मागे आपल्याकडे येणारा, आणि सातभाईंच्या घरट्यात स्वतःची अंडी टाकून मोकळा होणारा, तो काळा-पांढरा शेंडीवाला. नकाशावर महिन्यांचा फिल्टर असतो. तिथे आधी फक्त फेब्रुवारी निवडा. दक्षिणेच्या टोकाला आणि श्रीलंकेत रंग दिसतो, कारण तिकडचे चातक बारा महिने तिथेच असतात. महाराष्ट्रात मात्र जवळपास शुकशुकाट. मग जून-जुलै निवडा. अख्ख्या राज्यावर जांभळा रंग चढतो. शाळेत 'चातकासारखी वाट पाहणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करून आपण दोन मार्क मिळवले होते. तो वाक्प्रचार असा चौकोनाचौकोनांनी सरकताना बघायला मिळेल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बाईंनी वर्गाबाहेर काढलं असतं.

रजेचं प्लॅनिंग करणाऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे. एखाद्या हॉटस्पॉटवर, म्हणजे लोक नेहमी जिथे जातात अशा जागेवर क्लिक केलं की बार चार्ट मिळतो. प्रत्येक महिन्याचे चार भाग, प्रत्येक पक्ष्यासाठी हिरवी पट्टी, पट्टी जाड म्हणजे पक्षी हमखास. भिगवणला पट्टकादंब हंस बघायला मे महिन्यात निघालेल्या मित्रमंडळींना हा चार्ट दाखवा, पेट्रोल वाचेल.

हा नकाशा पक्ष्यांचा की आपला?

आठवडाभर हा नकाशा चाळला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. पिना रस्त्यांच्या कडेने आहेत. पाषाण तलाव, वेताळ टेकडी, सिंहगडाचा पायथा, सोलापूर रस्त्यावरचं कवडी, पुढे भिगवण. गाडी लावायला जागा, चहाची टपरी आणि दहापर्यंत मिसळ मिळण्याची शक्यता, या तीन अटी पूर्ण करणाऱ्या ठिकाणी पक्ष्यांची चंगळ दिसते! मुळशीपासून इंदापूरपर्यंतच्या मधल्या माळरानांवर, पाझर तलावांवर आणि ओढ्यांवर पिना विरळ होत जातात. मराठवाड्यात गेलात तर आणखी विरळ.

पक्ष्यांना अर्थातच मिसळीशी देणं-घेणं नाही. तो नकाशा आपल्या वीकेण्डचा आहे. आपण कुठे राहतो, आपल्याकडे गाडी आहे का, एकटीने कुठे जायला घरचे हो म्हणतात, हे सगळं त्यात उमटलेलं असतं. घुबडं आणि रातवे संध्याकाळनंतर दिसतात. पण शहराबाहेरच्या माळावर संध्याकाळी सातला मी आणि माझी मैत्रीण दोघीच उभ्या राहणार नाही, त्यामुळे आमच्या याद्यांमध्ये रातवे जवळपास नाहीतच. तिथे रातवे नाहीत, असा त्याचा अर्थ कुणी काढला तर?

आणि अर्थ काढले जातात. दहा वर्षांपूर्वी एखाद्या तालुक्यात तीन पिना होत्या, आज तीनशे आहेत, म्हणून पक्षी शंभरपट झाले का? मोबाइलवर यादी भरणारे वाढले. म्हणून तर ई-बर्ड नुसत्या पिना मोजत नाही. शंभर याद्या आल्या तर त्यातल्या किती याद्यांमध्ये कोकीळ आहे, असं विचारतो. याद्या कितीही वाढल्या तरी हे प्रमाण बऱ्यापैकी खरं बोलतं. कोकीळ मात्र देशभर खरोखरच वाढलीय, हे याच नोंदींच्या अभ्यासातून दिसलंय. एप्रिलमध्ये पहाटे चारला कोथरूडमध्ये तुमची झोप का मोडते, याला आता शास्त्रीय आधार आहे.

दुसरी गफलत जास्त वाईट. कवडीला नदीवर फेस तरंगत असतो, वास येतो आणि त्याच पाण्यात शेकाटे लांब लाल पायांवर थव्याथव्यानं चरत असतात. शेकाट्यांच्या पिना बघून कुणी म्हणेल, वा, नदी सुधारली. उलट आहे. सांडपाण्याच्या गाळात जे किडे-अळ्या पोसतात, ते शेकाट्यांना चालतात. स्वच्छ, वाहत्या पाण्यात मासे धरणाऱ्या नदी सुरयाचं तसं नाही. कुठला पक्षी वाढला हे विचारल्याशिवाय 'पक्षी वाढले' या वाक्याला काही अर्थ नाही.

मांडवीचा ठिपका

एक चुकीचा ठिपका काय करू शकतो, याची सगळ्यात भन्नाट गोष्ट आपल्या खानदेशातली आहे. वन पिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. १८७३ मध्ये शास्त्रात त्याची नोंद झाली. पुढच्या काही वर्षांत त्याचे मोजकेच नमुने गोळा झाले. त्यातले काही जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं शहादा-तळोदा भागात मिळवले होते. १८८४ नंतर हा पक्षी गायब. म्हणजे शास्त्रज्ञांच्या दृष्टीनं गायब.

मग कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या बड्या प्रस्थाच्या संग्रहातून एक नमुना पुढे आला. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, १९१४, मांडवी, गुजरात. झालं. १८८४ नंतरचा एकमेव पुरावा तोच, म्हणून शोधणारे त्या ठिपक्याकडेही वळायचे आणि हात हलवत परत यायचे.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन ही अमेरिकन पक्षीतज्ज्ञ या कर्नलसाहेबांचे नमुने तपासत होती. टाके, आतला कापूस, पिसं, सगळं बारकाईनं. निष्कर्ष असा निघाला की मांडवीचा वन पिंगळा मांडवीचा नव्हताच. डेव्हिडसनचा जुना नमुना संग्रहालयातून ढापून, नव्याने शिवून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. कर्नलसाहेबांचे असे आणखीही पुष्कळ प्रताप निघाले, तो वेगळाच लेख होईल. तर मांडवी यादीतून खोडली. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट ज्या ठिकाणच्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या तिकडे निघाले. २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ त्यांना वन पिंगळा दिसला. मध्ये ११३ वर्षं गेली होती.

आणि हे घुबड काही काळोखात दडून बसणारं नाही. दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसतं, ओरडतं. त्या डोंगरांत राहणाऱ्या भिल्ल-पावरा माणसांच्या कानांवर ती हाक रोज पडत असणारच. फक्त त्यांना कुणी नकाशा घेऊन विचारायला गेलं नव्हतं. ठावठिकाणा कळल्यावर मग तो मेळघाटात सापडला, यावलमध्ये सापडला. २०१४ मध्ये तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या जंगलात सापडला. म्हणजे नळ मुंबईत उघडायचा आणि धरणाकाठच्या जंगलात कोण बसलंय, ते शंभर वर्षं माहीत नाही! २०१८ मध्ये जागतिक लाल यादीत त्याला 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' वर आणलं. बढतीच म्हणायची.

आज ई-बर्डवर असा खोटा ठिपका टाकणं अगदीच अशक्य नाही, पण अवघड आहे. तुम्ही जूनमध्ये पुण्यात चक्रवाक लिहिलात, किंवा एकाच ठिकाणी पाचशे धनेश लिहिलेत, तर अ‍ॅप लगेच भुवया उंचावतं. मग त्या भागातले जाणकार, तेही बिनपगारी, तुम्हाला सभ्य भाषेत विचारतात, फोटो आहे का, काय बघून ओळखलंत. पटलं नाही तर नोंद तुमच्या यादीत राहते, सार्वजनिक नकाशावर येत नाही. माझ्या ओळखीतल्या एका नव्या बर्डरला याचा फार अपमान वाटला होता. मला तर हे आवडतं. आपल्या ऑफिसात एवढं क्रॉस-चेकिंग झालं असतं तर निम्म्या मीटिंग्ज वाचल्या असत्या.

कावळाही लिहा, प्लीज

यादी पाठवताना ई-बर्ड एक प्रश्न विचारतो. तुम्हाला ओळखू आलेले सगळे पक्षी यात आहेत का? हो की नाही? दिसायला फालतू वाटतो, पण सगळा खेळ या एका प्रश्नावर आहे. 'हो' म्हटलं की यादीत जे नाही तेसुद्धा माहिती होते. अर्धा तास उभे होतात आणि चिमणी लिहिली नाहीत, याचा अर्थ चिमणी दिसली नाही. पण तुम्ही फक्त भारी पक्षी लिहिलेत आणि कावळा, साळुंकी, पारवे गाळलेत, तर त्या यादीवरून कावळ्याबद्दल काहीच म्हणता येत नाही. ती नुसती फुशारकी उरते.

हे सगळं जोडून काय निघतं? २०२३ मध्ये 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल आला. सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदी, आणि ९४२ जातींचा आढावा. दीर्घकाळात वाढ की घट हे छातीठोकपणे सांगता आलं ते त्यातल्या फक्त ३३८ जातींबद्दल, आणि त्या ३३८ पैकी ६० टक्के घटलेल्या. दसऱ्याला दिसला तर शुभ मानतात तो नीलपंख घटलेल्यांमध्ये आहे. आता उरलेल्यांचा हिशोब करा. सहाशेहून जास्त जातींबद्दल लांब पल्ल्याचं काहीच ठामपणे बोलता येत नाही, कारण पुरेशा याद्या नाहीत. त्यातल्या किती संपत चालल्या आहेत, कोण सांगणार? आपण मिसळीच्या वाटेवरच गर्दी करतो, त्याची ही किंमत.

काही पिना लपवलेल्याच बऱ्या

एवढं सगळं उघड करायचं, तर शिकारी आणि चोरांना पत्ते वाटल्यासारखं नाही का होत? होतं. घुबडांचा तस्करीचा धंदा आपल्या देशात आहे आणि अंधश्रद्धेपायी दिवाळीच्या आसपास तो वाढतो. शिवाय सहाशे एमएमच्या लेन्सा घेऊन घरट्यासमोर रांग लावणारे आपले सुशिक्षित मित्र आहेतच. व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पडलं की रविवारी तिथे जत्रा.

ई-बर्डनं यावर एक तोडगा काढलाय. शिकार, तस्करी किंवा गर्दीचा खरा धोका असलेल्या जाती 'संवेदनशील' म्हणून वेगळ्या काढल्या आहेत. त्यांच्या पिना नकाशावर दिसत नाहीत. वीस किलोमीटर लांब आणि वीस किलोमीटर रुंद एवढा मोठा चौकोन फक्त रंगतो. अशी नोंद तुम्ही बिनधास्त करा, पत्ता बाहेर जात नाही. बाकीच्या पक्ष्यांबाबत मात्र अक्कल आपली आपण वापरायची. घरटं असेल तर यादी महिन्याभरानं टाका, किंवा त्याबद्दल लिहूच नका. माझी मैत्रीण याबाबतीत कडक आहे. कुणी "एक्झॅक्ट लोकेशन शेअर कर ना यार" म्हटलं की ती गावाचं नाव सांगते आणि विषय बदलते.

तर गेल्या ऑक्टोबरात आम्ही एक प्रयोग केला. नेहमीच्या जागा सोडायच्या. नकाशावर सासवडच्या पलीकडे एक निळा ठिपका शोधला. पाझर तलाव, एकही पिन नाही, रस्ता आहे की नाही हेही कळत नव्हतं. स्कूटर शेवटचा किलोमीटरभर ढकलावी लागली. तिथे ना टपरी, ना हॉटस्पॉटचा मान. दोन म्हशी, बाभळी, उतरत्या पाण्याचा चिखल. पन्नास मिनिटांत १९ जाती झाल्या. एकही 'भारी' नाही. हळदी-कुंकू बदकांची जोडी, धोबी, वेडा राघू, टिटवी, आणि हो, कावळे सात. पलीकडच्या बांधावर पारवे मोजता मोजता एक आजोबा म्हशींमागून आले आणि आमच्या दुर्बिणीकडे बघत उभे राहिले.

"काय हुडकताय, बायांनो?"

"पक्षी बघतोय, आजोबा. लिहून ठेवतोय कोणकोणते आहेत ते."

"सरकारी काम हाये?"

"नाही नाही, आमचं आम्हीच."

त्यांना हे काही फारसं पटलं नाही. मग मैत्रिणीनं फोनवर नीलपंखाचा फोटो काढून दाखवला आणि विचारलं, हा असतो का इथे?

"ह्यो? तास हाये ह्यो. दसऱ्याच्या आगंमागं येतोय. आमच्या लहानपनी ह्या तारंवर पाच-पाच, सा-सा बसायचं. आता येकादा दिसला तर दिसला." त्यांनी काठीनं विजेचा एक खांब दाखवला. "परवा त्या खांबावर हुता."

आम्ही तिघंही त्या खांबाकडे बघत राहिलो. खांबावर एक कोतवाल होता, तो आधीच यादीत होता. आणखी वीस मिनिटं थांबलो. शेवटी मैत्रिणीनं यादी बंद केली आणि 'सगळे पक्षी लिहिले का' याला 'हो' म्हटलं.

"लिवला का तास?" आजोबांनी विचारलं.

"नाही आजोबा. आम्हाला दिसला नाही ना."

"मंग सांजच्याला या," ते म्हणाले, आणि म्हशींना हाळी देऊन पाण्याकडे निघाले.